शंभरावी

मोजून बघा, जमिनीवर नव्व्याण्णवच आहेत.
मी दर रविवारी मोजायचो,
उपदेश लांबला की डावीकडून,
प्रार्थना लांबली की उजवीकडून, एक डोळा उघडा ठेवून.
नवापूरच्या पुढे, रंगावलीच्या काठी
आमचं पत्र्याचं चर्च,
आणि वेदीमागे अख्खी भिंत भरून मेंढपाळ.

ती रंगवली मिशन दवाखान्याच्या बेंजामिन कंपाउंडरनं.
रंग कुठले आणायचे? डोंगर आयोडीनचे,
सांज जखमेवरच्या जांभळ्या औषधाची,
नदी कपड्यांच्या निळीची,
मेंढ्या चुन्याच्या, त्यात चिमूटभर बोरिक पावडर.
शंभरावी अर्धी झाली आणि हात थांबला.
माणूस धरणगावचा, मरेपर्यंत अहिराणीच बोलला.
खाली पेन्सिलीनं लिहून गेला:
"रंग सरना. एक मेंढी उरेल शे."

त्या साली नाताळाआधी मंडळीच्या पंचांनी ठरवलं,
पोपडे धरलेत, सरसकट सफेदी मारा.
बादल्या येऊन पडल्या. कुंचे भिजत पडले.
माझी बहीण प्रिस्किला तेव्हा अकराची, मी नऊचा.
रात्री तिनं मला हलवून उठवलं.
"योना, तू कंदील धर. मी शंभरावी आणते."
काढते म्हणायचं असेल, असं मला वाटलं.

तिनं ओलं बोट भिंतीतल्या नदीला लावलं.
नीळ मनगटापर्यंत चढली,
मग कोपर, मग खांदा,
मग पाल फटीत शिरावी तसा फ्रॉकचा घेर.
माझ्यापुढे चपला उरल्या. डावीचा अंगठा तुटलेला.

पुढचं ती सांगते ते.
आत वाऱ्याला दवाखान्याचा वास.
पळस एकाच बाजूनं फुललेला,
मागे जाऊन बघावं तर नुसती विटांची माती.
मेंढ्यांनी तिला वाट दिली,
आणि डावीकडून पांढरं येत होतं.
धुकं नव्हे. धुक्याला ओल असते.
एक टेकडी होती, मग नव्हती.
तिच्यावरची बोर क्षणभर अधांतरी उभी,
मग तीही नाही.

शंभरावी काट्यांत अडकलेली.
डोकं होतं, पाठ होती, शेपूट अर्धी.
पाय नव्हते. कंपाउंडर तिथवरच पोचला होता.
प्रिस्कीच्या पुडीत चुना तीन पायांपुरता.
तीन काढले. चौथ्यासाठी पुडी झटकली,
कागद चाटला, नखं खरवडली.
मेंढी उठली, पडली, पुन्हा उठली.
पांढरं काट्यांना भिडलं
तेव्हा ती ओरडली, "योना! कंदील वर धर!"

मी झोपलो होतो.
आजवर कुणाला सांगितलं नाही.
कंदील आडवा, काच काळी,
आणि गेथशेमानेचा धडा मला तोंडपाठ,
त्याचं रविवारशाळेत बक्षीस मिळालेलं, कंपासपेटी.

तरी उजेड आला म्हणते ती.
कुणीतरी आलं, घोट्यापर्यंत गेरू माखलेलं.
तोंड दिसलं नाही.
कंपाउंडरला तोंडं जमत नसत,
माणसं तो पाठमोरीच काढायचा.
त्यानं वाकून मेंढी उचलली, खांद्यावर घेतली.
"चौथा पाय राहिला," प्रिस्की रडत म्हणाली.
"चारही असते तरी उचललीच असती."

सकाळी यहोशवा पंच कुंचा घेऊन आले.
भिंतीला हात लावला, बोटं निळी झाली, ओली.
बराच वेळ बोटांकडे बघत उभे राहिले.
मग बादली बाहेर नेऊन
कुंपणाचे दगड रंगवले दिवसभर, एकटेच.

या कधी. खाली मोजू नका, वर बघा,
त्याच्या मानेभोवती, तीन पायांची.
आणि डाव्या कोपऱ्यात तो पांढरा पट्टा दिसेल,
तिथं एक टेकडी होती, बोरीसकट.
मी जागा असतो तर राहिली असती.